हायड्राला समोरची बाजू नसते

हायड्राला समोरची बाजू नसते. एवढं एक वाक्य माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात शिरावं म्हणून मी एका हिवाळ्याचे रविवार खर्ची घातले. शिरलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. दादा पेणचा गणपती घडवणारा माणूस. वडील गेल्यावर कारखाना त्याच्या हातात आला आणि त्याबरोबर घरातल्या सगळ्यांना आकार द्यायचा अधिकारही आपल्याकडे आला, असं त्यानं धरून टाकलं. माती निमूट ऐकते. मी ऐकत नसे, म्हणून आमचं कधी पटलं नाही.

मी तेव्हा रोह्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं, रेल्वे यायची होती, आणि पेणहून रोह्याला जायचं म्हणजे नागोठण्यावरून एस.टी.त हाडं खिळखिळी करून घ्यायची. नोकरी हंगामी होती. रोह्यात मी खोली घेऊन एकटी राहत होते, म्हणजे दादाच्या मते घराण्याचं नाक कापत होते. त्यानं माझ्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं, कारखान्याला शाडू पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा पुतण्या. मुलगा वाईट नाही, असं सगळे सांगत. मी त्याला एकदाच पाहिला होता. तो मातीच्या पोत्यांवर बसून शेंगा खात होता आणि टरफलं तिथंच टाकत होता. मला तेवढं पुरलं.

शेवटी आईला मध्ये बसवून आमचं ठरलं. "वर्षाखेरीला कायम झालीस तर तुझं तू बघ," दादा म्हणाला. "नाय झालीस तर गपगुमान घरी यायचं आन मी सांगेन तिथं बोहल्यावर उभं रायचं."

मी हो म्हटलं. मला माझ्या शिकवण्याची खात्री होती.

कायम होणं शिकवण्यावर नसून हेडसरांच्या मर्जीवर असतं, हे मला जरा उशिरा कळलं. हेडसरांचा भाचा बी.एस्सी. होऊन अलिबागला घरी बसला होता. दिवाळीनंतर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार, माझा पाठ बघणार, आणि विज्ञानाच्या वर्गात साधनं नाहीत असा गेल्या खेपेचा शेरा होता. "तुमचा तर घरचाच कारखाना आहे ना पेणला?" ते म्हणाले. "करून आणा की चार प्रतिकृती. आम्हाला कुठं गणपती हवाय?" आणि हसले. त्या माणसाच्या हसण्यात दात फार, हसू कमी.

पाठ नववीचा, प्राण्यांच्या शरीराच्या ठेवणीवरचा. मी चार प्राणी निवडले. पहिला स्पंज, म्हणजे भोकाभोकांची पिशवी. बाजूच्या भोकांतून पाणी आत येतं, वरच्या मोठ्या भोकातून बाहेर जातं. आत पोट नाही, मज्जातंतू नाहीत. दुसरा हायड्रा, दोन थरांची नळी. एक टोक पानाला चिकटलेलं, दुसऱ्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती शुंडकं, म्हणजे भक्ष्य धरायचे हात. तिसरा प्लॅनेरिया, चपटा किडा. डोकं कुठं आणि शेपूट कुठं, डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे विचारण्यात त्याच्यापासून अर्थ येतो. आणि चौथं गांडूळ, नळीच्या आत नळी, एका टोकाला तोंड आणि दुसऱ्या टोकाला गुदद्वार. हे चार ओळीनं मांडून पोरांच्या हातात दिले की शरीर कसं साध्याकडून गुंत्याकडे जातं ते सांगावं लागत नाही. फळ्यावरच्या चित्राला मागची बाजू नसते, म्हणून मला माती हवी होती.

माझी मी घडवली असती, पण ती सोय आमच्या घरात नव्हती. कारखान्यात बायकांचं काम ठरलेलं. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर ओला हात फिरवून सांधे बुजवायचे, त्याला पाणी फिरवणं म्हणतात. घडवणं आणि डोळ्यांची आखणी पुरुषांची. पाणी फिरवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, पण घडवायला मला कुणी कधी बसवलं नाही. तेव्हा नाक मुठीत धरून दादाकडे गेले.

"नाय," तो म्हणाला.

आईनं ताटात पापड वाढता वाढता सांगितलं, "नाय तर नाय. ती दुसऱ्या कारखान्यात करून घेल. गणपतीवाल्याची भन लोकांच्या दारात गेली, एवढंच लोक बोलतील." आई अशी होती. तिनं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही आणि कुणाला तिच्या मनाविरुद्ध काही करू दिलं नाही. दादानं पापड मोडला आणि पुढच्या रविवारी ये म्हणाला.

पुढच्या रविवारी मी कारखान्याच्या फरशीवर कोळशानं हायड्रा काढला. कारागीर हातातली कामं टाकून भोवती जमले.

"तोंड कुठं हाय ह्याचं?" दादानं विचारलं.

"वर, मधोमध."

"आन ढुंगण?"

"तेच. खातो तिथून आणि उरलेलं टाकतोही तिथूनच."

"अशी मानसं माझ्या वळखीची हायत," दादा म्हणाला, आणि कारागीर खो खो हसले. "पन त्यांनाबी चेहरा असतो गो. ह्याचा चेहरा कुठं?"

"नाही त्याला चेहरा."

"मंग लोकांनी बघायचं कुठनं?"

"कुठूनही बघ, सारखाच दिसतो. तोंडातून खाली उभा चिरायचा झाला तर कुठूनही चीर, दोन सारखे भाग होतात. त्याला अरीय सममिती म्हणतात."

"चिरायचाच हाय तर घडवतेस कशाला?" तो म्हणाला. पुन्हा हशा. मी कोळसा त्याच्या पायाशी टाकला आणि हात धुतले. त्याला समजावण्यापेक्षा नववी ब परवडली.

एक खरं, की त्याचं सगळं शिक्षणच समोरून झालेलं. गणपतीचा साचा दोन भागांचा. पुढच्या भागात सोंड, कान, हात, दागिने, सगळी कलाकुसर. मागचा भाग साधा, कारण मूर्ती मखरात बसणार आणि पाठ कुणी बघणार नाही. लहानपणापासून ह्या माणसानं समोरचं नक्षीदार आणि मागचं सपाट असंच जग केलेलं. पण ते त्याचं त्यानं त्याच्यापाशी ठेवावं. मला तपासणीला उभं राहायचं होतं.

पुढच्या खेपेला गेले तर हायड्रा पाटावर चतुर्भुज उभा. चारही शुंडकं पुढं, आशीर्वाद दिल्यासारखी. मागून साफ सपाट.

"मागं काय आहे?" मी विचारलं.

"मागं भित."

"तळ्यात भिंत असते?"

"शाळेत असंल ना? तितं ठेव."

मग मी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. हा प्राणी जागचा फारसा हलत नाही, मी सांगितलं, याचं खाणं पोहत पोहत कुठल्याही बाजूनं येतं. हात एकाच बाजूला दिलेस तर निम्मं जेवण पाठीमागून निघून जाईल आणि तो उपाशी मरेल. त्याचे हात गोल फिरलेले आहेत ते नटण्यासाठी नाहीत, पोटासाठी आहेत. दादा म्हणाला, बापाच्या कारखान्यात येऊन मला हात बसवायला शिकवू नको. मी म्हटलं, शिकवावं लागतं, कारण तुला येत नाही. कारागीर हळूहळू बाहेर विडी ओढायला गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी बरणीच घेऊन आले. रोह्याच्या तळ्यातलं पाणी, त्यात शेवाळाचा तुकडा आणि त्यावर दोन-तीन हायड्रा, बारीक दोऱ्याच्या तुकड्याएवढे. आईचं पोथी वाचायचं भिंग दादाच्या हातात दिलं आणि उजेडात बसवलं. बराच वेळ तो कुरकुरत होता. मग भिंग बरणीला टेकवून वाकला. एक पाणपिसू टुणटुणत त्या दोऱ्याजवळ आली, एका शुंडक्याला लागली आणि तिथंच लुळी पडली. बाकीची शुंडकं वळली आणि तिला तोंडात सारलं. पिसू आली होती ती दादाच्या समोरच्या बाजूनं नव्हे, पलीकडून.

"त्याला दिसली कशी?" दादानं भिंग न काढता विचारलं.

"दिसत नाही. डोळे नाहीत त्याला."

"म्हंजे आंधळा."

"आंधळा म्हणजे ज्याला डोळे असायला हवेत आणि नाहीत तो. ह्याला लागतच नाहीत."

"आंधळा तो आंधळाच," दादा म्हणाला. पण हायड्रा त्यानं पुन्हा घडवला, आणि या खेपेला शुंडकं तोंडाभोवती गोल, एकसारखी, कुठंही सांधा न दिसता बसवली. हात त्याचा चांगला होता, हे मी नाकारत नाही. स्पंजाच्या पोकळीत मी बोट घालून पाहिलं, भोकं आरपार होती. गांडूळ उभं कापलेलं, आतली नळी वेगळ्या रंगात. मी त्याला बरं झालंय म्हटलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. आमच्यात तेवढी सवय नव्हती. रंग वाळल्यावर तपासणीच्या आदल्या रविवारी न्यायला ये, म्हणाला.

त्या रविवारी मी संध्याकाळची रोहा गाडी धरायची म्हणून घाईत आले. चारही प्रतिकृती खोक्यात पेंढा घालून तयार होत्या. वरचा पेंढा बाजूला केला आणि हायड्रा माझ्याकडे बघत होता.

दोन डोळे. नळीवर, शुंडक्यांच्या खाली. पापण्या, बुबुळं, बुबुळात पांढरा ठिपका, वडील काढत तसे शांत, किंचित झुकलेले. स्पंजाला डोळे. गांडुळाच्या पहिल्याच वलयावर डोळे. प्लॅनेरियाला असतातच, दोन काळे ठिपके. त्यालाही त्यानं पापण्या दिल्या होत्या.

"हे काय केलंस?"

"डोळे," दादा म्हणाला. "बिनडोळ्याची मूर्ती ह्या उंबऱ्याबाहेर जात नाय. म्हायत नाय तुला?"

मला माहीत होतं. पेणहून कच्च्या मूर्ती टेम्पो भरभरून बाहेरगावी जातात, रंग तिकडे होतो. आमच्या वडिलांनी ते कधी केलं नाही आणि दादानंही नाही. आमच्याकडची मूर्ती डोळे उघडूनच बाहेर पडणार. पण तो नियम देवाचा. गांडुळाला तो लागू होईल, हे माझ्या काय, कुणाच्याही मनात आलं नसतं. आणि मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं, की त्यानं ते नियमापोटी केलं आणि खोडीपोटीही केलं. मी नापास झाले तर त्याचंच घोडं गंगेत न्हाणार होतं.

"दोन डोळे दिलेस की त्याला समोर आलं, मागं आलं, डावं आलं, उजवं आलं," मी म्हटलं. "माझा सगळा पाठ त्या दोन ठिपक्यांनी बुडवलास. साहेब विचारतील, बाई, हायड्राला डोळे कधीपासून?"

"सांग, पेणला गेल्यापासून."

मी कोपऱ्यातलं पाण्याचं भांडं ओढलं, फडकं भिजवलं आणि हायड्राचे डोळे पुसायला सुरुवात केली.

दादा जागचा उठला. "हात लावू नको."

"पाणी फिरवणं बायकांचंच काम ना?"

"उघडलेले डोळे पुसत नायत. बघतायत ते."

"ती माती आहे. प्राणप्रतिष्ठा भटजी करतात, तुझा ब्रश नाही."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं तोंडाला पदर लावला. हायड्रा झाल्यावर मी स्पंज घेतला, स्पंजानंतर गांडूळ. रंग डिंकातला, तो सुटत होता पण जात नव्हता. पुसलं तिथं राखाडी फराटा राहत होता. मी रडत नव्हते, मला नुसता राग आला होता, इतका की फडकं पिळताना बोटं दुखली. प्लॅनेरियाच्या पापण्या पुसल्या, ठिपके ठेवले. दादा चप्पल घालून बाहेर निघून गेला. मी खोकं उचललं आणि स्टँडवर आले. त्या पुसण्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि पुढंही कधी वाटलं नाही.

पाठ मी असा घेतला की आजवर तसा दुसरा जमला नाही. पोरांनी हायड्रा हातात गोल गोल फिरवला. मी विचारलं, याची समोरची बाजू दाखवा. वर्ग चक्रावला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, ज्या बाजूनं खाणं येईल ती त्याची समोरची." मी प्लॅनेरिया पुढं केला आणि विचारलं, आणि याची? सगळे एकदम डोक्याकडे बोट दाखवायला लागले. जो प्राणी एका दिशेनं चालायला लागतो त्याच्या पुढच्या टोकाला डोळे आणि डोकं असणं फायद्याचं, हे मला सांगावंही लागलं नाही, तेच बोलले. साहेब मागे खुर्चीत बसून ऐकत होते आणि एकदा त्यांनी मानही हलवली.

मग हेडसरांनी टेबलावरचा हायड्रा उचलला, खिडकीपाशी नेला आणि बोटानं दाखवलं. "साहेब, इथं काही पुसलेलं दिसतंय. स्पंजालाही आहे."

"काय होतं तिथं?" साहेबांनी विचारलं.

"डोळे होते," मी म्हटलं. "चुकीनं काढले गेले होते. म्हणून पुसले."

"पेणची मूर्ती," हेडसर हळूच म्हणाले. "डोळे पुसून आणलीय." ते असं म्हणाले, की पुढच्या बाकावरच्या पोरानं हातातलं गांडूळ अलगद खाली ठेवलं.

शेरा आला तो असा: पाठ समाधानकारक, साधनं अस्वच्छ व सदोष. हेडसरांना तेवढं पुरेसं होतं. वार्षिक परीक्षा संपता संपता मला सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी माझी गरज नाही. भाचा त्याच आठवड्यात शाळा बघून गेला. माझ्या वर्गात उभं राहून त्यानं फळा केवढा आहे ते पाहिलं. मी त्याला खडू कुठं असतात तेही सांगितलं नाही.

मी खोली सोडली, ट्रंक भरली आणि पेणला आले. शब्द दिला होता, तो पाळणार होते. दात-ओठ खात का होईना, पण पाळणार होते. सगळी वाट मी त्या पुतण्याच्या घरातला माझा दिवस कसा जाईल ते बघत होते. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा उतरून कुठंतरी निघून जावं असंही मनात आलं. दादा अंगणात पायांनी माती मळत होता. मी ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवली. त्या रविवारनंतर आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नव्हतो.

"नोकरी गेली," मी म्हटलं. "त्या व्यापाऱ्याला कळव."

त्यानं पाय थांबवले नाहीत. "त्याला मी कवाच नाय म्हनून सांगितलं."

"कधी?"

"तू डोळे पुसून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिशी. उघडलेले डोळे पुसनारी बाई मी कुनाच्या घरात देनार नाय. वर्षानुवर्ष माझ्याशी इमानानं वागलेला मानूस हाय तो. त्याच्या घरात मी असली अवदसा घालू?"

आई दारात आली, "आरं, असं बोलू नको तिला," म्हणाली, आणि त्यानं तिच्याकडेही बघितलं नाही.

"आन इथंबी ठेवनार नाय," तो म्हणाला. "कारखान्यात पाऊल टाकायचं नाय, घरातबी नाय. नागोठण्याला शाळा हाय, तितं बघ. नायतर कोलाडला बघ. कुठंबी जा."

माझी सुटका झाली होती आणि ती त्यानं शिव्या घालून केली होती. हसावं की त्याच्या पायाखालची माती उचलून त्याच्या तोंडावर मारावी, मला कळेना. मी ट्रंक उचलली. आई गल्लीच्या टोकापर्यंत मागोमाग आली, वाटेसाठी वालाची उसळ नि भाकरी फडक्यात बांधून दिली, आणि परत गेली.

जूनमध्ये मी नागोठण्याच्या शाळेत लागले, यथावकाश कायम झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. दादाच्या उंबऱ्याच्या आत त्यानंतर गेले ती तो वारल्यावर, आणि तेव्हाही त्याच्या बायकोनं मला बाहेरच्या खोलीत बसवलं. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की त्याच्या पोटात तुझ्याबद्दल माया होती, म्हणून त्यानं ते स्थळ मोडलं. मी तिला कधी उलट बोलले नाही, पण मी ते मानत नाही. मायेनं वागला असता तर त्यानं मला क्षमा केली असती, घरात घेतलं असतं आणि त्याच पुतण्याशी माझं लग्न लावून दिलं असतं.